उत्तरदाता क्रमांक सात

गरुडाची आई म्हणून आपलं नाव छापून आलंय, हे विनिताला कळलं तेव्हा ती शेअर रिक्षात मधल्या सीटवर बसली होती. कॅम्प तीनहून कॅम्प पाचकडे निघालेली रिक्षा, भर दुपार, डावीकडे मांडीवर जीन्सचं गाठोडं घेतलेली बाई, उजवीकडे फोनवर कुणाशी तरी सिंधीत हुज्जत घालणारे म्हातारबुवा, आणि मध्ये विनिता, कोपरं अंगाशी आवळून. अशा अवस्थेत माणसाने फार तर आपलं उतरायचं ठिकाण चुकवू नये. शोधनिबंध वाचू नयेत. पण अंजनी मॅडमचा निरोप होता, ‘लगेच वाचा, तुमच्या चौथ्या प्रकरणातलं भगदाड बुजलं,’ आणि त्या तिच्या गाइड असल्यामुळे त्यांचं ‘लगेच’ म्हणजे लगेच. तिने फाइल उघडली. युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या एका बाईंचा इंग्रजी लेख होता, आणि तो तिच्या आईच्या गाण्यावर होता. बारा पानं. सातव्या पानावर म्हटलं होतं की, या गाण्यातली नवरी ‘विनता’ ही पुराणातली गरुडाची माता असून नवरा ‘चंदर’ हा उघडच चंद्र होय. चंद्रामुळे भरती, भरतीमुळे मिठागरं, आणि मिठागरांवर जगलेल्या या आगरी लोकांच्या एखाद्या हरवलेल्या दैवतकथेचा हा उरलेला तुकडा असावा. विनिताने ते वाक्य दोनदा वाचलं. तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती अडखळली, पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. तिचा नाका आला आणि गेला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं तेव्हा ती म्हणाली, पुढे घ्या, पुढेच उतरते.

विनिता चव्वेचाळीस वर्षांची होती, अंबरनाथच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवत होती आणि गेली सहा वर्षं पीएच.डी. करत होती. विषयाचं नाव तोंडभर होतं, ‘जागतिक आणि स्थानिक संगीतउद्योग: आगरी लग्नगीतांच्या विशेष संदर्भात’, स्टाफरूममध्ये त्याचं भाषांतर ‘मॅडम डीजेवर डॉक्टर होणार’ असं झालं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. गाणं म्हणजे शेवटी एक माल आहे, तो कुठे तयार होतो, कुठून कुठे जातो, वाटेत त्याच्यावर कोण कोण आपला शिक्का मारतं, हे बघायला तिला मनापासून आवडायचं. जगाची बाजू तिने पुस्तकांतून वाचून काढली होती. स्थानिक बाजू वाचायची गरजच नव्हती, ती तिच्या डोळ्यांदेखत घडली होती. परदेशातून कोरी टेप यायची, कॅम्प तीनमधल्या खोल्यांतून तिच्यावर नकला निघायच्या आणि कव्हरावर ऐटीत ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असायचं. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथे लहान पोरांनाही पाठ होता. आज ती अशाच एका खोलीत जाऊन आली होती. जिथे कॅसेटी निघायच्या तिथे आता जीन्सच्या पँटींना बटणं लागत होती. मालक म्हणाला होता, धंदा तोच आहे मॅडम, एकाचे हजार करायचे.

चौथं प्रकरण एकाच गाण्याचं होतं. धवला म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं. तो म्हणणारी बाई ती धवलारीण, आणि जुन्या माणसांच्या लेखी भटजी नंतरचा, लग्न लावते ती धवलारीणच. विनिताची आई तुळशी ही चिखलोलीपासून बदलापूरपर्यंत नावाजलेली धवलारीण होती. दोन हजार तीन साली कॅम्प पाचमधल्या एका खोलीवजा स्टुडिओत तिने एक धवला टेप केला. ती कॅसेट उरणपर्यंत गेली, मग तिची सीडी झाली, मग ती मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डांत शिरली, मग बदलापूरच्या एका डीजेने तिच्याखाली ठोका टाकला, आणि तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा परमुलखातल्या नाचाच्या क्लासने त्यावर नाच बसवला. आता हळद म्हणजे काय हे ठाऊक नसलेली माणसं त्या गाण्यावर कमरा हलवत होती. या सगळ्या प्रवासाचे टप्पे विनिताने तारीखवार लावले होते, यंत्राच्या बनावटीसकट. नव्हती ती एकच गोष्ट. धवल्यात नवरानवरीची नावं घ्यावी लागतात, ज्याचं लग्न त्याचं नाव. मग या टेपमधले चंदर आणि विनता कोण? ‘माहिती उपलब्ध नाही’, असं तिने लिहिलं होतं. अंजनी मॅडमनी तीनदा त्याखाली रेघ मारली होती. बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार, हे दोघींनाही माहीत होतं. प्रबंध येत्या सोमवारी द्यायचा होता. आणि आता परदेशातून उत्तर आलं होतं, तळटिपांसकट. ते उचलून तिथे ठेवलं की झालं. खोटं होतं, पण किती नीटनेटकं होतं! खरं सांगायचं तर खऱ्यापेक्षा बरं होतं.

ती जिथे उतरली तिथून आईचा धवला टेप झाला ते दुकान चार पावलांवर होतं. ती गेली नाही. उसाच्या गुऱ्हाळाजवळ सावलीत उभी राहिली. बावीस वर्षांची असताना दीड वर्ष ती रोज दुपारी या रस्त्याने यायची. दुकान चंदरच्या वडिलांचं. त्यांना मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही, आणि मराठी कॅसेटच्या कव्हरावर मराठी लिहावं तर लागतंच, म्हणून बी.कॉम. झालेली, वळणदार अक्षराची ही मुलगी. ती कव्हरं लिहायची, चंदर मागच्या खोलीत टेप फिरवायचा. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते, आवाज घुमू नये म्हणून. कानाला लावायचा हेडफोन एकच होता. एखादी ओळ नीट ऐकून लिहायची असली की तो मधोमध ताणून एक कान त्याचा, एक कान तिचा. यापलीकडे काही घडलं असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. एकदा दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले होते, तेही बिल्लोरी काचेसारखा नितळ दिवस होता म्हणून, आणि सबंध वेळ त्याने तिला टेपरेकॉर्डरचं मळलेलं हेड स्पिरिटने कसं पुसतात ते सांगितलं. तिने ते इतक्या लक्षपूर्वक ऐकलं की, आजही तिला ते काम करता आलं असतं. प्रेम प्रेम म्हणतात ते एवढंच असेल तर त्याला एवढं मोठं नाव कशाला, असं ती नंतर स्वतःला पुष्कळदा समजावत आली होती. तिच्या घरी महेंद्रचं स्थळ येऊन गेलं होतं. त्याच्या घरी पुण्याच्या मुलीचा फोटो आला होता. दोघांनी एकमेकांना या बातम्या अगदी सहज सांगितल्या होत्या, भाव वाढले वगैरे सांगतात तसं.

आणि मग तो टेपचा दिवस. मंगळवार होता. आई इरकली लुगडं नेसून, नथ घालून आली, पुठ्ठ्यांच्या त्या खोलीत मांडी घालून बसली, माइककडे बघितलं आणि म्हणाली, नवरा कुठंय, नवरी कुठंय? चंदर हसला. ‘अम्मा, ये रिकॉर्डिंग है, शादी थोडी है.’ तुळशी हसली नाही. तिच्या गुरुणीची तिला शिकवण होती, लग्न नसताना धवला म्हणायचा नाही. रिकाम्या मांडवात म्हटला तर तो घर शोधत फिरतो. चंदरने डोकं लढवून समोरच्या दुकानातून बाहुला-बाहुली आणली. आई म्हणाली, भावलीचा खेल हाय काय? झालं, आता काही हे होत नाही, असं विनिताला वाटलं आणि कव्हरं आधीच लिहून झाली होती याचं वाईट वाटलं. तेवढ्यात आईने मान वर करून दोघांकडे पाहिलं. खोली इतकी लहान की, ती दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारीच उभी होती, त्याचं बोट बटणावर, तिच्या हातात कागद. ‘तुमी दोघां र्‍हावा तशीच उभी,’ आई म्हणाली. खालच्या किराणा दुकानातून हळद आणि मूठभर तांदूळ आणवले. चंदरला त्याचं नाव विचारलं, जे तिला दीड वर्षं ठाऊक होतं. त्याने सांगितलं. मग तिने डोळे मिटले. ‘चंदर नवरा मांडवी आयला, विनता नवरी हलदीन पिवली.’ विनितामधला ‘नि’चा इकार आईच्या तोंडात कधीच बसला नव्हता. सात मिनिटं ती गात होती, आणि सात मिनिटं दोघांनी न हलता समोरच्या पुठ्ठ्यांकडे बघितलं, कारण टेप चालू होती आणि आवाज करायचा नव्हता. शेवटी आईने मुठीतले तांदूळ त्यांच्यावर उधळले. काही यंत्राच्या पत्र्यावर पडले. तो खर्र असा आवाज गाण्याच्या शेवटी आजही आहे. लेखातल्या बाईंनी त्यालाही अर्धं पान दिलं होतं. ते एखादं लुप्त वाद्य असावं, असं त्यांचं मत होतं.

दोन महिन्यांनी विनिताचं महेंद्रशी लग्न झालं. आईचा घसा बसला होता म्हणून बदलापूरकडच्या कौसाबाई धवलारिणीला बोलावलं. चंदर आला होता, पाकीट देऊन जेवून गेला. त्यानंतर त्याचं नाव विनिताने कधी मोठ्याने घेतलं नाही. घेण्याची वेळच आली नाही म्हणा. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत ती जुनी रीत तिने महेंद्रच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात मोडली होती, आणि ती कुठे पाळली गेली हे कुणाला कळलं नव्हतं, तिलाही नाही. दोन वर्षांपूर्वी प्रबंधासाठी ती त्याला भेटली तेव्हासुद्धा संशोधनाच्या नियमानुसार माहिती देणाऱ्याचं नाव झाकायचं होतं, म्हणून तो ‘उत्तरदाता क्रमांक सात’ झाला: पुरुष, वय शेहेचाळीस, पूर्वी ध्वनिमुद्रण, सध्या मोबाइल दुरुस्ती. दीड तास बोलले. दोघांनी गाण्याविषयी सगळं सांगितलं-विचारलं, गाण्यातली नावं मात्र घेतली नाहीत. अगदी उठता उठता तो म्हणाला, ‘वो मशीन बेचने से पहले खोली मैंने. अंदर चावल निकले.’ ते वाक्य परिशिष्टात पान तीनशे बारावर आहे. त्यावर तिने काहीच विचारलेलं नाही, हेही तिथे स्पष्ट दिसतं.

ती चिखलोलीला परतली तेव्हा उन्हं कलली होती. तिचं आणि आईचं घर एकाच कॉम्प्लेक्समध्ये होतं. आईचं तळमजल्यावर, जिथे पूर्वी त्यांचाच वाफा होता तिथे. आई अजून बी विंगला ‘वरलं शेत’ म्हणते आणि वॉचमन तिला समजून घेतो. विनिताच्या मनात वाटभर एकच गोष्ट घोळत होती. ते सगळं खरं लिहायचं तर आधी ते काय होतं हे कळायला हवं. आईने तेव्हा समोर दिसली ती दोन नावं उचलली असतील, तर तो नुसता किस्सा होता, अंजनी मॅडमना हसत सांगण्यासारखा. आणि तसं नसेल तर? तसं नसेल तर तो कागद पहिल्यांदा महेंद्रच्या हातात जाणार होता. प्रबंध मराठीत लिहायचा तिचा हट्ट, आणि शुद्धलेखन तपासायचं काम महेंद्रचं. तो कारखान्यात स्टोअर्सला होता आणि लाल पेन घेऊन याद्या तपासण्याची त्याला सवय होती. मजकुरावर तो कधी बोलत नसे. ती सगळीकडे ‘पारंपारिक’ लिहायची, तो सगळीकडे त्यातला एक काना खोडून ‘पारंपरिक’ करायचा. अशी बावीस वर्षं चालली होती, आणि खरंच बरी चालली होती. त्यात खोट काढायची तर मुद्दाम बसावं लागलं असतं.

तुळशी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. विनिता शेजारी बसली, चार शेंगा सोलल्या, आणि जणू बाजारभाव विचारावा तसं विचारलं, त्या टेपमध्ये आमची नावं कशी काय घातलीस गं?

‘तुमी दोघां व्हतांव उभी,’ तुळशी म्हणाली. ‘दुसरं कोन व्हतं?’

म्हणजे एवढंच. विनिताला सुटल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ इतकं ओकंबोकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. वीस-बावीस वर्षं आपण एक वस्तू सांभाळून ठेवावी आणि ती आपली नव्हतीच असं कळावं! म्हणजे सहजच, ती म्हणाली. नावाला नाव.

तुळशीचे हात थांबले नाहीत. ‘सहज धवला म्हनतात काय गो?’

समोर पोरं सायकली फिरवत होती. लिफ्टची टिंग वाजली. विनिताने एक सोललेली शेंग उगाच पुन्हा चाचपली. मग तिने तो प्रश्न विचारला जो तिने कधी प्रश्न म्हणून पाहिलाच नव्हता, की मग माझ्या लग्नात का नाही म्हटलास? घसा बसलेला तुझा.

‘घसा बरा व्हता,’ तुळशी म्हणाली. वालाचा एक दाणा किडका निघाला, तो तिने बाजूला टाकला. ‘एका पोरीचा धवला मी दोनदा म्हनीत नाय.’

 मग तू बोलली का नाहीस, बाबांना सांगायचं, कुणाला तरी सांगायचं, असं काहीतरी ती अडखळत म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. आईने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं, रागाने नाही, थोडी दमल्यासारखी. ‘माजं मी म्हटलेलं,’ ती म्हणाली. ‘पुढचं तुमी बोलाचं व्हतं. तू बोल्लीस काय?’

नाही. बोलली नव्हती. तोही बोलला नव्हता. दोघंही बाजूबाजूला उभी राहून टेप बिघडू नये म्हणून गप्प राहिली होती, आणि टेप थांबल्यावरही तशीच गप्प राहिली. विनिता रडली नाही. सगळे दाणे सोलून होईपर्यंत बसून राहिली. चुकलं ते कुणी आडवं आलं म्हणून नाही, लग्न लागलेलं आपल्याला ऐकू आलं नाही म्हणून, हे तिला दिसलं. आणि त्यात दुःखापेक्षा आश्चर्यच जास्त होतं. धवला खरंच घर शोधत फिरला होता. उरण, बदलापूर, कुठलीशी नाचाची शाळा. हजारो मांडवांत दर हळदीला त्या दोघांचंच लग्न लागत होतं, आणि खालची नवरानवरी निराळी होती.

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातून फोन केला. नाव छापायचं तर परवानगी लागते. पलीकडून हॅलो आल्यावर ती म्हणाली, ‘चंदर.’ तेवढ्याने तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, चव्वेचाळिसाव्या वर्षी.  तिने लेखाचं सांगितलं, चंद्राचं सांगितलं, तसा तो खो खो हसला. मग म्हणाला, राहू दे ना चंद्र, बरं आहे की, बढती झाली. ती म्हणाली, पण ते खरं नाही.

‘मेरी बीवी भी हर शादी में उस पे नाचती है,’ तो म्हणाला. ‘मैं जाके बाहर खडा रहता हूँ.’ मागे कुणीतरी स्क्रीनगार्डची किंमत विचारत होतं. ‘डाल दे, विनी. नाम डाल दे.’

तिने लेखाचा उल्लेख केला, बाईंचे आभार मानले आणि त्याखाली तळटीप लिहिली: ‘हे मत स्वीकारता येत नाही. गाण्यातील वधू ‘विनता’ म्हणजे प्रस्तुत संशोधिका. वर चंदर म्हणजे उत्तरदाता क्रमांक सात. नाव त्याच्या अनुमतीने. शेवटचा आवाज अक्षतांचा आहे. धवलारीण तुळशी हरिचंद्र यांच्या नियमानुसार लग्नावाचून धवला म्हणता येत नाही आणि एका मुलीसाठी तो दोनदा म्हणता येत नाही. संशोधिकेच्या विवाहात त्यांनी तो म्हटला नाही.’ ‘गीत’ या रकान्यात इतकी वर्षं जो शब्द होता, पारंपारिक, तो तिने काढला आणि आईचं नाव घातलं. मग छापून काढलेली पानं नेहमीसारखी जेवणाच्या टेबलावर ठेवली.

रविवारी सकाळी महेंद्र ती घेऊन गॅलरीत बसला. समोर मलंगगड स्वच्छ दिसत होता. विनिता आत कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि कान पान उलटण्याच्या आवाजाकडे होते. पान उलटत होतं, पेन चालत होतं, पान उलटत होतं. एका जागी आवाज थांबला. तिने एकाच टॉवेलची घडी तीनदा घातली. मग तो म्हणाला, ‘तरीच.’

ती दारात आली. काय तरीच?

‘आपल्या लग्नात कौसाबाई सगळा धवला बेसूर म्हणाल्या होत्या,’ तो म्हणाला. त्याने डोंगराकडेच बघून सांगितलं. ‘मला वाटलेलं, ऐन वेळी बोलावलं म्हणून मनातून गात नाहीयेत. ती कॅसेट त्यांनीही ऐकली असणार.’ मग त्याने पेनाला टोपण लावलं, पानांचा गठ्ठा सारखा करून तिच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेला. आतून त्याने विचारलं, आलं घालू का. ती म्हणाली, घाल.

तिने ते पान काढून पाहिलं. एक शब्द खोडला नव्हता, समासात काही लिहिलं नव्हतं. फक्त ‘विनता’मधल्या ‘न’ला त्याने लाल शाईने, जपून, एक वेलांटी दिली होती. ‘विनता’ ही चूक नव्हती, आईचा उच्चार होता, आणि अवतरणात उच्चार बदलत नाहीत. तसं ती त्याला सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. सोमवारी प्रबंध गेला तो ती वेलांटी घेऊनच.